हळू बोलणारी मॅग्नम

श्रीधर,

तुझं तेरावं झालं. आलेले सगळे हात जोडून एकच वाक्य म्हणाले, "फार शांत माणूस होता." मी मान हलवत राहिले. ब्लॉकची लिफ्ट बंद पडली की टाउन कौन्सिलला फोन लावून हमरीतुमरीवर येणारा तू, मॅच बघताना शेजारच्या अंकलना भिंत ठोकायला लावणारा तू. शांत म्हणे. पण तेराव्याला आलेल्या माणसांशी कोण वाद घालतं?

मंडळातले देशपांडे निघता निघता दाराशी घुटमळले. "वहिनी, एक विचारू? श्रीधरना म्हणे बंदुकांचा नाद होता." त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला उजवा कान पुढे करावा लागला. वर मागे वळून कॉरिडॉरमध्येही बघितलं, जसे काही तिथे पोलीसच उभे आहेत. मला हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "इथे सिंगापुरात नाही हो," मी म्हटलं, "न्यूझीलंडला. रीतसर लायसन्स काढून." त्यांचा जीव भांड्यात पडला. चपला घालून ते गेले आणि मी दार लावून तिथेच उभी राहिले.

पुढचं काही त्यांना सांगता आलं नसतं. काय सांगणार होते मी? की मोठा आवाज करण्यासाठीच बनलेल्या एका रायफलीला हळू बोलायला लावण्यात माझ्या नवऱ्यानं कितीतरी वर्षं घालवली? आणि त्यामागच्या कारणांपैकी एक माझा कान होता? हे देशपांड्यांना कळलं नसतं. मलाही ते एकदम कळलं नव्हतं. म्हणून तुलाच सांगतेय. तुला सगळं माहीत आहे, तरी.

लहानपणी गालगुंडांत माझा डावा कान गेला. आपण पुण्यात पहिल्यांदा भेटलो, तेव्हा मी तुला हे अगदी सुरुवातीला सांगून टाकलं होतं, म्हणजे नकार द्यायचा तर लवकर देता यावा. तू उठलास, खुर्ची उचललीस आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसलास. "हं, आता बोल," म्हणालास. त्यानंतर आयुष्यभर तू माझ्या उजव्या बाजूलाच राहिलास. एमआरटीच्या गाडीत, थिएटरात, बाजारात. गर्दीत चुकून डावीकडे गेलास तर मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे यायचास. मी तुला याबद्दल कधी काही म्हटलं नाही. श्वास घेतल्याबद्दल कोणी कोणाला काही म्हणतं का, तसं ते होऊन गेलं होतं.

तुझा नेमबाजीचा नाद साधा होता, तोवर मला त्याचं काहीच वाटलं नाही. शनिवारी क्लबात जायचास, बारक्या रायफलीनं कागदावर भोकं पाडायचास, तिथली रायफल तिथल्याच कुलपात ठेवून घरी यायचास. घरात एक काडतूससुद्धा नसायचं, नसणारच, इथला कायदाच तसा. मग तुमच्या तुआसच्या कारखान्यात जहाजांच्या कॉम्प्रेसरचं काम निघालं आणि त्यासाठी ग्रॅहम आला. आपल्याकडे जेवायला आला तेव्हा पिठलं-भाकरी बघून "हे खायचं कसं" असं विचारणारा आणि तिसऱ्या भाकरीनंतर "अजून आहे का" असं विचारणारा ग्रॅहम. काम संपवून तो न्यूझीलंडला परत गेला, वडिलांचा फार्म सांभाळू लागला, आणि त्यानं आपल्याला बोलावलं.

त्या पहिल्या वर्षी आपण दोघं गेलो. इरा तेव्हा शाळेत होती, तुझ्या बहिणीकडे हौगांगला राहिली. ग्रॅहमनं वडिलांची रायफल बाहेर काढली. लांबच्या डोंगरावरच्या हरणांसाठी घेतलेली मॅग्नम, माझ्या करंगळीपेक्षा लांब काडतुसं. तू ती हातात घेतलीस तेव्हाचा तुझा चेहरा मला आठवतो. इराला दवाखान्यात पहिल्यांदा हातात दिली तेव्हाच्या चेहऱ्याच्या फार मागे नव्हता तो.

मी कानावर मफ लावून तुझ्या मागे उभी होते. तू बार काढलास. आवाज मी ऐकला असं म्हणता येणार नाही, तो माझ्या छातीतून आणि दातांतून गेला. मग उजव्या कानात शिट्टी सुरू झाली. संध्याकाळपर्यंत थांबली नाही. तू समोर काहीतरी बोलत होतास आणि तुझे ओठ फक्त हलत होते. मला वाटलं, गेला. उरलेलाही गेला.

गेला नव्हता. दोन दिवसांनी शिट्टी ओसरली. पण सिंगापूरला परतल्यावर कानाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, एकच कान आहे, असल्या आवाजाच्या आसपास पुन्हा फिरकू नका. तू डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसला होतास. टॅक्सीत म्हणालास, "सॉरी." मी म्हटलं, "तू कशाला सॉरी? तू जात जा. मी नाही येणार."

झालं. तिथून पुढे दर वर्षी जूनच्या शेवटाला तू एकटा जायचास, पंधरा दिवस. आणि दर वर्षी तिकीट काढायच्या आधी विचारायचास, "चल ना." मी म्हणायचे, "नको."

असं दोनेक वर्षं चाललं. मग एका संध्याकाळी कामावरून आलास, बूटही न काढता स्वयंपाकघरात शिरलास आणि म्हणालास, "विद्या, ती रायफल हळू करता येईल."

मी कणीक मळत होते. "म्हणजे?"

"म्हणजे गोळी आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगानं जाऊ द्यायची. त्याला सबसॉनिक म्हणतात. जोरात जाते म्हणून हवेत कडाड्‌ होतं. कमी वेगानं गेली की तो कडकडाटच नाही. उरला दारूचा आवाज, तो सायलेन्सर खाईल. तिकडे सायलेन्सर सर्रास वापरतात. तुला शेजारी उभं राहता येईल."

"पण मग छोटी रायफल का नाही घेत? ती मुळातच हळू असते ना?"

"म्हणून तर नाही. छोटी हळू बोलली त्यात विशेष काय?"

आपलं भांडण इथून सुरू झालं आणि ते संपलं असं मला आजही वाटत नाही. मी हिशोबातली बाई. मला कळेना की एका कामासाठी सरळ उपाय असताना उलटा उपाय कशाला. तू म्हणायचास, कुठलीही रायफल नाही, मला *ती* रायफल तुला दाखवायचीय. मी म्हणायचे, म्हणजे हे माझ्यासाठी आहे की तुझ्यासाठी? तू म्हणायचास, दोन्ही. मी म्हणायचे, टक्केवारी सांग. तू वैतागून टीव्ही लावायचास.

पण तू मला ते शिकवलंस, हे मान्य करायला हवं. अडचण काय आहे ते समजावायला तू ओट्यावरची साखरेची बरणी रिकामी केलीस आणि तळाला चमचाभर मोहरी टाकलीस. "हे बघ. काडतुसाची पुंगळी एवढी मोठी. पण गोळी हळू पाठवायची तर दारू एवढीशीच. आता बरणी आडवी धर." मी धरली. मोहरी लांब पसरली. "आता जरा पुढे झुकव." मोहरी पुढे गेली. "आता मागे." मागे गेली. "मागून ठिणगी पडणार. दारू मागे असेल तर लगेच पेटेल, पुढे असेल तर उशिरा. एक गोळी जोरात, एक रखडत. भरलेली पुंगळी असती तर हा प्रश्नच नव्हता. मोठ्या घरात एकटा माणूस कुठे बसलाय ते बाहेरून कळत नाही, तसं."

मी मोहरी गोळा करून फोडणीच्या डब्यात परत टाकली. पण त्या दिवसापासून मला त्यात रस वाटू लागला, हेही खरं. बँकेत दुपारी जेवताना मी चक्क विचार करायचे की मग तळाला काही भरून जागा कमी केली तर? संध्याकाळी तुला विचारलं तर तू आनंदानं टेबलावर हात आपटलास. "बरोब्बर! लोकांनी तेही करून बघितलंय. त्याचे वेगळे धोके आहेत." आणि मग ते धोके सांगत बसलास, आमटी गार होईपर्यंत. इरा मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू नीड ॲनदर हॉबी, लाह."

इथे तुला प्रत्यक्ष काहीच करता यायचं नाही. काडतुसं भरायची ती ग्रॅहमच्या शेडमध्ये, त्या पंधरा दिवसांत. बाकी वर्षभर तू बुकित बातोकचं घर ते तुआस आणि तुआस ते घर जाता-येता फक्त विचार करायचास. एक प्रयोग फसला की पुढचा प्रयोग वर्षानं. तुझ्याइतका अधीर माणूस एवढं कसं थांबला, याचं मला नवल वाटायचं.

एका वर्षी हळू चाललेल्या जड गोळ्यांना पुरेशी फिरकीच मिळाली नाही. त्या हवेत लोळत गेल्या आणि कागदावर गोल भोकांऐवजी आडवे फाडे पडले. तू फोटो पाठवलास, खाली लिहिलंस, "ह्या मासळीसारख्या गेल्या." पुढच्या खेपेपर्यंत ग्रॅहमनं जास्त पिळाची नवी नळी बसवून घेतली. मग एका वर्षी गोळ्या सरळ गेल्या, वेग मोजायच्या यंत्रावर आकडाही हवा तेवढा खाली आला, आणि तरी कडाड्‌ आवाज. तुला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. तुमच्याकडे संध्याकाळ, माझ्याकडे दुपार, मी मीटिंगमधून बाहेर येऊन घेतला.

"विद्या! अगं, इथे सकाळी बर्फ साचलं होतं गवतावर. थंडीत आवाजच हळू चालतो! मी आपला आपल्या उकाड्यातला आकडा डोक्यात धरून बसलो होतो. शाळेत शिकलेली गोष्ट गं, मूर्ख मी!"

"मग आता?"

"आता गोळीनं आणखी हळू चालायचं."

तू इतका खूश होतास की चूक सापडल्याचा फोन आहे की बक्षीस मिळाल्याचा, ते कळू नये. मी मीटिंगमध्ये परत गेले तेव्हा सगळे विचारत होते, गुड न्यूज? मी म्हटलं, यस.

आणि मग त्याच्या पुढच्या वर्षीचा फोन. त्यात तुझा आवाज ओळखू आला नाही. "ऐक," म्हणालास, "सगळे ठीक आहेत. आधी ते ऐक." तू दारू आणखी कमी केली होतीस. रायफल ग्रॅहमच्या हातात होती. त्यानं घोडा ओढला, फुस्स झालं, आणि समोरच्या लोखंडी प्लेटवर गोळी लागल्याचा आवाज आला नाही. ग्रॅहमला वाटलं नेम चुकला. त्यानं सवयीनं बोल्ट मागे ओढून पुढचं काडतूस आत ढकललं. तू ओरडलास, "थांब," आणि त्याचा हात धरलास. नळीत सळई घालून बघितलं तर ती मध्येच अडली. गोळी बाहेर पडलीच नव्हती, नळीतच बसली होती. तिच्यामागून दुसरी गेली असती तर नळी ग्रॅहमच्या तोंडाजवळ फुटली असती.

मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "बास. आता बंद."

तू म्हणालास, "बरं."

वाद नाही, दोन्ही नाही, टक्केवारी नाही. नुसतं बरं. आणि तू खरंच बंद केलंस. त्यानंतर फार्मवर जायचास तो कुंपणं दुरुस्त करायला आणि ग्रॅहमबरोबर चहा प्यायला. इथे संध्याकाळी कामावरून येऊन हातपाय धुऊन सोफ्यावर बसायचास. मॅच लावायचास आणि ओरडायचा नाहीस. भिंतीपलीकडच्या अंकलनी एकदा लिफ्टमध्ये मला विचारलं, "युअर हजबंड ओके, आ?" तेव्हा मला कळलं की हे फक्त मलाच दिसत नाहीये.

दोन वर्षं मी बघितलं. मग रविवारी सकाळी पोहे पुढ्यात ठेवून म्हटलं, "ते पुन्हा चालू कर."

तू वर बघितलंस. "काय?"

"तुला माहीत आहे काय. पण प्रत्येक गोळीनंतर नळीतून आरपार बघायचं. प्लेटचा आवाज आला तरी बघायचं. ग्रॅहमला पण शपथ घाल."

"तूच म्हणाली होतीस बास."

"आता म्हणतेय चालू कर."

तू पोहे खाल्लेस, आणखी घेतलेस, आणि मग विचारलंस, "टक्केवारी सांग. माझ्यासाठी की तुझ्यासाठी?" मी तुला कोथिंबिरीची काडी फेकून मारली. श्रीधर, आपल्या संसारातली माझी एक आवडती सकाळ कोणती असं कोणी विचारलं, तर मी ही सांगेन. पण हे तुला सांगायचं राहिलं.

पुढे कोणती दारू घेतलीत, किती घेतलीत, कसं जमवलंत, ते मला समजलं नाही आणि तू या वेळी समजावलंही नाहीस. घाईनं काही करत नव्हतास. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ते जमलं. तू व्हिडिओ पाठवलास. तू बाकावर बसलेला, टोपी कानावर ओढलेली, मफ लावलेले नाहीत. एक ठक्‌ झाल्यासारखं वाटलं, आणि मग कुठून तरी लांबून टंग्‌. मी तीन-चार वेळा लावून बघितलं. फोन करून म्हटलं, "आलं ऐकू. मस्त."

"फोनवर काय कळणार? फोनमध्ये सगळेच आवाज सारखे. पुढच्या वर्षी तू ये. आता काय हरकत आहे?"

आता खरंच काही हरकत नव्हती. मी डॉक्टरांनासुद्धा विचारून आले होते. मफ लावून, जरा लांब उभं राहून, चालेल म्हणाले होते ते. तरी पुढचा जून आला तेव्हा मी म्हटलं, "अरे, हाफ-इयर क्लोजिंग."

"दर वर्षीच असतं क्लोजिंग."

"म्हणूनच."

"बँक तुझ्यावाचून बुडायची नाही."

"बघू. पुढच्या वर्षी नक्की."

तू एकटा गेलास. येताना माझ्यासाठी लोकरीचे मोजे आणलेस. सिंगापुरात लोकरीचे मोजे! मी हसले. तू म्हणालास, "इथे घालायला नाहीत आणलेले."

फेब्रुवारीत तुझं पोट दुखू लागलं. तू आधी हॉकर सेंटरच्या तिखट लाक्सा-नूडल्सवर ढकललंस. मग स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी आपल्याला आत बोलावून दार लावून घेतलं. त्यानंतरचे महिने मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहेत, आणि बाकी कोणाला ते सांगावेत असं मला वाटत नाही.

पण वॉर्डमधली ती दुपार लिहायला हवी. तुझ्या खाटेच्या उजवीकडे सगळी यंत्रं होती, म्हणून मला अशा बाजूला खुर्ची घ्यावी लागली की तू माझ्या डावीकडे आलास. तुझा आवाज आधीच खोल गेलेला. मग मी खुर्ची उलटी फिरवली आणि तुझ्या पायांकडे तोंड करून बसले, म्हणजे उजवा कान तुझ्याकडे येईल. नर्सला वाटलं आपण भांडलोय.

मी म्हटलं, "या वेळी क्लोजिंग सोडते. जूनमध्ये जाऊ."

"जूनमध्ये," तू म्हणालास. मला तुझा चेहरा दिसत नव्हता, पण तू हसलास हे कळलं. मग मला वाटलं झोपलास.

"विद्या, तुला ते पंधरा दिवस आवडायचे ना? एकटीचे."

आवडायचेच मला. तू गेलास की घर माझं असायचं. बँकेतून यायचं, टीव्ही बंद, पंखा सुरू, गॅलरीत पाय पसरून बसायचं. एका कानानं दिवसभर माणसांचं बोलणं पकडायचं म्हणजे काय थकवा येतो, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. त्या पंधरा दिवसांत मला कोणाचं काही पकडावं लागत नसे. तुझंसुद्धा.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून. फोनवर इतकी मजेत असायचीस."

"मग दर वर्षी चल ना, चल ना, कशाला म्हणायचास?"

"एकदा तरी हो म्हणशील, असं वाटायचं."

हे तू तक्रारीच्या सुरात म्हणाला असतास तर बरं झालं असतं. मी भांडले असते. पण तू नुसतं सांगितलंस, बाहेर पाऊस आहे का असं विचारावं तसं. मी खुर्ची फिरवली आणि तुझा हात धरला. मला म्हणायचं होतं की आवडायचे ते दिवस, पण तू परत यायचा असायचास म्हणून आवडायचे. मला म्हणायचं होतं की कंटाळा तुझा नव्हता, आवाजांचा होता. आणि तू बापड्या, इतकी वर्षं नेमका आवाजच कमी करत बसला होतास. तेवढ्यात इरा डबा घेऊन आली, "बाबा, वरणभात आणलाय, ट्राय अ बिट," आणि आपण तिघं वरणभाताविषयी बोलू लागलो. उद्या म्हणू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुला शुद्ध फारशी नव्हती.

जून आला. तू त्याच्या आधीच गेलास.

गेल्या रविवारी ग्रॅहमचा व्हिडिओ कॉल आला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्याला येता आलं नव्हतं, ते त्याला फार लागलंय. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, त्याच्या शेडमधल्या लोखंडी कपाटात तू भरून ठेवलेली काडतुसं आहेत. गेल्या वर्षीची, एक डबीभर. काय करू?

इरा शेजारीच होती. ती एकदम म्हणाली, "आई, वी गो, लाह. अंकल फायर करतील, तू नुसती उभी राहा. यू कॅन फायनली हिअर इट."

क्षणभर मला तेच हवं होतं, श्रीधर. तिकीट, मोजे, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

ग्रॅहम खाली बघत होता. "मी उडवीन," म्हणाला. "तू म्हणालीस तर उडवीन. त्याच्या हातावर माझा विश्वास आहे."

"पण?" मी विचारलं.

"पण दुसऱ्यानं भरलेलं काडतूस कोणी उडवत नाही. पहिला नियम आहे तो. आणि ही तर अशी, की आत जरा कमी-जास्त असलं तर बाहेरून कळायचंच नाही. तो असता तर त्यानं मला हात लावू दिला नसता. ते एकदा झाल्यापासून तर नाहीच. त्या वर्षानंतर प्रत्येक गोळी त्यानंच उडवली, मला मागे उभं करून."

हे मला माहीत नव्हतं. तू मला सांगितलं नव्हतंस की त्यानंतर नळीशी तोंड नेहमी तुझंच असायचं. सांगितलं असतंस तर मी पुन्हा बास म्हणाले असते, म्हणून नसशील सांगितलं. मला त्या क्षणी तुझा राग आला. मग तुझ्यावर रागवायला तू नाहीस, हे आठवलं.

"फोड," मी ग्रॅहमला म्हटलं. "सगळी फोड. आत्ताच, आम्ही बघतो."

"आई, एक तरी ठेवूया?" इरा म्हणाली.

"एक ठेवलं तर कधीतरी कोणीतरी उडवेल. नको."

ग्रॅहम लंगडत शेडमध्ये गेला, फोन खिळ्याला टेकवून ठेवला. प्लास्टिकच्या हातोडीसारखं काहीतरी त्याच्याकडे आहे. त्यात काडतूस बसवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर आपटायचं. आपटलं की गोळी पुंगळीतून सुटते आणि दारू खाली पडते. खरंच एवढीशी होती, चमचाभरसुद्धा नाही. एकेक करत त्यानं सगळी फोडली. काडतूस फोडण्याआधी प्रत्येक वेळी तो ते जरा उजेडाकडे धरून बघत होता. तुझं काम किती सफाईचं होतं, ते मला दाखवत होता बहुतेक. इरा रडत होती. मी नाही रडले. मी बघत होते की पितळेवर कुठे एक ओरखडासुद्धा नाही.

जमलेली दारू त्यानं बाहेर नेऊन बायकोच्या गुलाबांच्या मुळाशी टाकली. खत होतं म्हणाला.

फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, "ग्रॅहम, मला खरं सांग. माझं मन राखायला सांगू नकोस. हळू होता का आवाज?"

त्यानं गुडघा चोळला. मग म्हणाला, "ज्या दिवशी पहिल्यांदा जमलं ना, त्या दिवशी आमच्या मागे, कुंपणाला लागून मेंढ्या चरत होत्या. अगदी जवळ. श्रीधरनं गोळी झाडली. प्लेट वाजली. मी प्लेटकडे बघितलं. त्यानं नाही बघितलं. तो मागे वळून मेंढ्यांकडे बघत होता."

"मग?"

"एकीनंही मान वर केली नाही, विद्या. चरतच राहिल्या. तो इतका हसला की त्याला बाकावरून उठता येईना. म्हणत होता, विद्याला हे बघायला हवं होतं."

फोन ठेवल्यापासून मी तेच डोळ्यांपुढे आणतेय. तुझी कानावर ओढलेली टोपी, थंड सकाळ, तू मागे वळलेला.

मेंढ्या होत्या तिथे, श्रीधर. मी नव्हते.